होम प्लेटवरच्या धडकेचे कूळ

बेसबॉलमध्ये धावक तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटतो, तेव्हा कॅचर चेंडूची वाट पाहत तिथेच उभा असतो. चेंडू हाती धरून धावकाच्या अंगाला लावला की तो बाद. क्रिकेटमध्ये चेंडू यष्टीला लागला की भागते. यष्टिरक्षकाला फलंदाजाच्या अंगाला हात लावावा लागत नाही. धडकेचे मूळ या अंगाला लावण्यात आहे, आणि ती रीत रुजली एका बंदीमुळे.

छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीबोळांत वाढलेल्या पोराला चेंडू फेकून मारण्यावरची ही बंदी मुळीच पटणार नाही. लगोरीत फरशीचे सात तुकडे रचू पाहणाऱ्याला चेंडू फेकूनच मारतात. आबाधोबीत तर पाठीवर वळ उठवणे हाच खेळ. अमेरिकेतल्या जुन्या चेंडूफळीतही धावकाला असेच टिपत. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ च्या नियमांत त्याला मनाई केली. मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी १८५८ मध्ये डेडहॅमला नियम केले, त्यांत फेकून मारणे कायम ठेवले; पण चालली न्यूयॉर्कचीच रीत. अंगावर फेकायचा नाही म्हटल्यावर चेंडू टणक करायला हरकत उरली नाही. लगोरीत जे लांबून उरकते, त्यासाठी इथे दोन देह समोरासमोर आले.

काही जण दोष कॅचरच्या चिलखताला देतात. रॉजर ब्रेस्नहानने १९०७ मध्ये पायांना पॅड बांधले, तेव्हापासून कॅचर बेधडक वाट अडवू लागला, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. चिलखताने वाट अडवण्याचे बळ दिले. धावक एवढ्या वेगाने का येतो, याचे उत्तर त्यात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पाय टेकून थांबावे लागते, पुढे गेला तर बाद होण्याची भीती. होम प्लेटला पाय लागला की धाव पूर्ण, थांबायचे कारणच नाही.

पीट रोझने १९७० च्या ऑल-स्टार सामन्यात होम प्लेटवर कॅचर रे फॉसीला उडवले, त्याची वाहवाही झाली. २०११ मध्ये अशाच धडकेत कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडला, तेव्हा कुठे व्यावसायिक लीगने २०१४ पासून धडकेविरुद्ध नियम केला.

अमेरिकी महाविद्यालयांचा नियम अधिक नेमका, आणि अधिक शहाणपणाचाही. धावकाने कमरेच्या वर धक्का दिला, तर तो चेंडू पाडायलाच आला होता असे पंच धरतो. मग कॅचरच्या हातून चेंडू सुटला तरी धावक बाद. खेळ तिथेच थांबतो आणि बाकीचे धावक त्या क्षणी शेवटी स्पर्श केलेल्या बेसवर परततात. धडकेचा फायदा साथीदारालाही मिळू नये, हा त्यामागचा हेतू. कॅचरलाही मोकळीक नाही: हाती चेंडू नसताना वाट अडवली, तर तो अडथळा ठरतो. प्लेटला आधी पाय लागला आणि मग मुद्दाम धडक दिली, तर धाव मोजली जाते, पण धावकाची सामन्यातून हकालपट्टी होते.