न कापलेली जीभ

आमच्या शेजारी फारसीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते, म्हणून मीही म्हणतो. गेली तीस-पस्तीस वर्षे दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट त्यांच्याकडे जाते आणि ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचे पातेले आमच्याकडे येते. ताट रिकामे परत करण्याची रीत त्यांच्या घरी नाही. कधी त्यात मूठभर खजूर असतात, कधी एखादे जुने पुस्तक. पुष्कळ वर्षांपूर्वी एका भाऊबीजेला त्या ताटातून असेच एक पुस्तक आले: सर जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत आणलेल्या औरंगजेबाच्या आख्यायिका. "मास्तर, करंज्या उत्तम होत्या. त्यांच्या बदल्यात हा बादशहा ठेवून घ्या," असे म्हणून उस्ताद हसले होते. त्या पुस्तकातील एका गोष्टीने तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही. तीच आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. औरंगजेबाचे नाव आमच्या गावाने साडेतीनशेहून अधिक वर्षे वागवले. २०२३ पासून गाव छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या छत्रपतींचे नाव गावाने घेतले, त्यांना १६८९ मध्ये याच बादशहाने हालहाल करून मारले. तेव्हा त्याची आरती ओवाळण्याचा माझा मनसुबा नाही. पण इतिहास वाचणाऱ्याला शत्रूच्या घरातील कागदही वाचावे लागतात, आणि त्यांत एखादी शहाणपणाची ओळ सापडली तर ती लपवून ठेवता येत नाही.

या बादशहाच्या पदरी मिर्झा मुहम्मद नावाचा एक कवी होता. घराणे मूळचे इराणातील शिराझचे, धंदा वैद्यकीचा, पंथ शिया. औरंगजेब कट्टर सुन्नी. तरीही हा माणूस दरबारात चढत गेला, त्याला न्यामतखान असा किताब मिळाला आणि बादशाही मुदपाकखाना त्याच्या हाती आला. न्यामत म्हणजे ईश्वराची देणगी, उत्तम पक्वान्न. तेव्हा किताबही कामाला शोभेसाच होता. पण इतिहासाने त्याला लक्षात ठेवले ते पक्वान्नांसाठी नव्हे, जिभेसाठी. फारसीत निंदाकाव्याला हज्व म्हणतात, आणि या हज्वमध्ये त्याचा हात धरणारा त्या दरबारात दुसरा नव्हता.

१६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. तो सुमारे आठ महिने चालला. मोगलांनी तटाखाली पेरलेले सुरुंग मोगलांवरच उलटले. पाऊस, पूर, उपासमार यांनी छावणी हैराण झाली. अखेर किल्ला पडला तो पराक्रमाने नव्हे, फितुराने आतून उघडलेल्या दरवाजाने. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन कैद होऊन आमच्या दौलताबादेस आला आणि मेल्यावर खुलताबादेत पुरला गेला. दरबारी बखरकारांना हा मोठा विजय लिहावयाचा होता. न्यामतखानाने या वेढ्यावर आपला 'वकाए' लिहिला आणि सेनापतींची, धर्माच्या नावाने ओरडणाऱ्यांची आणि एकंदर त्या मोहिमेचीच यथेच्छ टवाळी केली. आपल्या धन्याच्या विजयाचे धन्याच्याच छावणीत बसून विडंबन करावयाचे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता ती गोष्ट. वजीर जाफरखानाचा मुलगा कामगारखान याने लग्न केले. त्या लग्नावर न्यामतखानाने एक हज्व रचले. ते चावट होते आणि हां हां म्हणता सर्वतोमुखी झाले. कामगारखान चिडला. त्याने बादशहाकडे अर्ज केला की, या माणसाने माझी अब्रू घेतली आहे, त्याला जरब बसेल अशी शिक्षा व्हावी. अर्जावर बादशहाने शेरा मारला. त्याचा आशय असा: हा पिढीजात चाकर मला आपल्या फजितीत भागीदार करू पाहतो आहे. न्यामतखानाने मलाही सोडलेले नाही. तोंड बंद व्हावे म्हणून मी त्याचे इनाम वाढवून पाहिले, तरी त्याने कसूर केली नाही. त्याची जीभ कापणे किंवा मान उडवणे होण्यासारखे नाही. मनातल्या मनात जळावे आणि जमवून घ्यावे, हेच खरे.

हा आख्यायिकांचा ग्रंथ हमीदुद्दीनखानाच्या नावावर चालतो आणि त्यातील प्रत्येक गोष्ट सोन्याच्या काट्यावर उतरेलच असे नाही. पण न्यामतखानाचे पुढचे आयुष्य पाहिले म्हणजे ही गोष्ट अगदीच हवेतली वाटत नाही. त्याची जीभ शाबूत राहिली. पुढे मुकर्रबखान ही पदवी आणि जवाहिरखान्याचे काम त्याला मिळाले. औरंगजेबाच्या मागून आलेल्या बहादुरशहाने तर त्याला दानिशमंदखान केले. ज्याच्या जिभेचे भय, त्याच्याच हाती या संशयी बादशहाने आधी आपले अन्न आणि मग आपली रत्ने सोपवली!

तर मग बादशहा उदार होता काय? मुळीच नव्हे. दिल्लीच्या जामा मशिदीजवळ सरमदची कबर आहे. हा नागवा फकीर दारा शुकोहच्या प्रेमातला. दाराचा १६५९ मध्ये वध झाला आणि पुढच्या एकदोन वर्षांत सरमदचेही मुंडके उडाले. आरोप धर्माचा होता. कारण राजकारणाचे असावे, असे पुष्कळ इतिहासकारांना वाटते. म्हणजे लग्नाची थट्टा झाली तर बादशहाला हसू दाबता येत होते. सिंहासनाला धक्का पोचेल असे वाटले की त्याला एकदम धर्म आठवत होता. धर्माच्या अपमानाची फिर्याद ऐकताना फिर्यादी कोण आहे आणि त्याचे नेमके काय गेले आहे, हे विचारावे, ते यासाठी.

हे सारे जुने झाले. पण २९ जुलै २०१७ या दिवशी ते मला फार जवळचे वाटले. त्या शनिवारी बांगलादेशच्या लेखिका तस्लिमा नसरीन अजिंठा-वेरूळ पाहण्यासाठी आमच्या गावी येत होत्या. १९९३ च्या 'लज्जा' या कादंबरीनंतर त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले, १९९४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि तेव्हापासून त्यांचा मुक्काम परक्या गावांतच आहे. त्या विडंबनकार नव्हेत. पण धर्माबद्दल त्या जे बोलतात ते अनेक मुसलमानांच्या जिव्हारी लागते, हेही खरे. चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर जमाव जमला, परत जा अशा घोषणा झाल्या. आंदोलकांत एमआयएमचे आमदारही होते. पोलिसांनी शांतता राखण्याच्या सबबीवर बाईंना विमानतळाबाहेर पाऊलही टाकू दिले नाही आणि त्यांना मुंबईला परत धाडले. कैलास लेणे त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर होते.

त्या संध्याकाळी मी उस्तादांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी न्यामतखानाचा दाखला काढला. म्हणालो, "उस्ताद, बादशहाला जे कळले ते आमच्या गावाला का कळू नये?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, तुमचा दाखला लंगडा आहे. बादशहाने माफ केली ती स्वतःची थट्टा. ती त्याची होती, त्याने सोडून दिली. माझ्या पैगंबरसाहेबांचा कोणी उपमर्द केला, तर तो सोडून देणारा मी कोण? माझ्या बापाला कोणी शिवी दिली, तर 'जाऊ द्या' असे मी म्हणावे काय?"

मला उत्तर सुचेना. खरे सांगावयाचे तर अजूनही पुरते सुचलेले नाही. श्रद्धा नसलेल्या माणसाला ही दुखापत नाटकी वाटते. ती नाटकी नसते. उस्तादांच्या घरी पैगंबरांचे नाव निघाले की बोलणे आपोआप हळू होते, हे मी पस्तीस वर्षे पाहिले आहे.

मी उठता उठता तेच पुढे म्हणाले, "पण खरी गोम पुढेच आहे. माफ करण्याचा हक्क माझा नाही, कबूल. मग शिक्षा करण्याचा हक्क तरी मला कोणी दिला? वकीलपत्र नसताना मी खटला चालवतो आहे. दुखावलो, हे माझे. ते मी बोलेन, लिहीन, त्या बाईंच्या तोंडावर सांगेन. पण दारात आलेला पाहुणा न भेटता परत गेला, मास्तर. आता सांगू कोणाला?"

कामगारखानाच्या अर्जातला डाव मला त्या वेळी पुरता उलगडला. आपल्या रागाचा बोजा त्याला सत्तेच्या खांद्यावर द्यावयाचा होता. बादशहाने खांदा दिला नाही. आमच्या सत्तेने मात्र तो कायद्यानेच देऊ केला आहे. त्याची हकीकत अशी. १९२४ मध्ये लाहोरात पैगंबरांची टवाळी करणारे एक चोपडे निघाले. १९२७ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकाशक राजपाल याला सोडले, कारण असल्या लिखाणाला लागू पडेल असे कलमच नव्हते. प्रक्षोभ झाला, आणि त्याच वर्षी दंडविधानात २९५ अ हे कलम आले. हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने केलेला अपमान तेवढाच गुन्हा, अशी त्यात मर्यादा होती. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम उचलून धरले तेही या मर्यादेवर बोट ठेवून. २०२४ च्या जुलैपासून न्यायसंहितेत ते २९९ या क्रमांकाने नांदते आहे. पण कलम आल्याने राजपाल वाचला नाही. १९२९ मध्ये त्याचा खून झाला आणि त्याच वर्षी मारेकरी फासावर गेला. दोन घरे बसली.

आणि त्या मर्यादेचे काय झाले? जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' या व्यंगपत्राच्या कचेरीवर हल्ला करून हल्लेखोरांनी बारा माणसे मारली. त्या पत्राचे एक मुखपृष्ठ 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत बातमीबरोबर छापले गेले. संपादिका शिरीन दळवी स्वतः मुसलमान. त्यांनी ताबडतोब माफी मागितली. तरी ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले, त्यांना अटक होऊन जामीन घ्यावा लागला, आवृत्ती बंद पडली आणि घर सोडून लपून राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. दुष्टबुद्धी होती की नाही हे कोर्टाने ठरवावयाचे. शिक्षा मात्र त्याआधीच भोगून झाली.

हा रोग एकाच धर्माचा आहे, असे कोणी सुखाने समजू नये. शिवछत्रपतींवरील एका परदेशी ग्रंथाच्या रागापोटी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जी मोडतोड झाली, ती करणारे आपल्याच घरचे होते, आणि पोथ्यांनी कोणाचाही अपमान केलेला नव्हता.

या भूमीला दुसरी रीत ठाऊक नव्हती असे नाही. आमच्या गावापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पैठण आहे. सोळाव्या शतकात तेथे एकनाथमहाराजांनी 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड रचले. त्यात हिंदू आणि तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाची, पूजेची आणि रीतिरिवाजांची अशी खिल्ली उडवतात की आज ते रस्त्यावर म्हणावयाचे तर पोलिसांची परवानगी मिळणार नाही. पण दोघांपैकी कोणीही कोतवालाकडे धावत नाही. थट्टेला थट्टेने आणि वादाला वादाने उत्तर मिळते, आणि भांडून भांडून शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. मध्ये कोणाला भागीदार घेतलेले नाही, म्हणूनच ते आलिंगन शक्य झाले, असे मला वाटते.

यंदाच्या ताटात चकल्या जास्त ठेवा, अनारसे दातांना सोसत नाहीत, असा उस्तादांचा निरोप आला आहे. ताटाखाली मी नाथांचे भारूड ठेवणार आहे. वाचून ते दुखावले तर मला तोंडावर सांगतील, याची मला खात्री आहे. मधली भिंत कंबरेएवढीच आहे.