खापरपणजोबांची माती कुठे आहे?

आपल्या घराण्याचा पहिला पुरुष मॉरिशसच्या किनाऱ्यावर कसा उतरला, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येते. कोकणातले गाव, जहाज, कोणत्या साखर मळ्यावर करार झाला, हेही काही घरांत पाठ असते. पण त्याचा शेवट कुठे झाला, त्याची माती कुठे पडली, असे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. आम्ही मॉरिशसचे मराठी, नोकरीमुळे सध्या कतारमध्ये दोहा शहरी राहणारे. सुट्टीत मायदेशी गेलो की हाच शोध घेतो. त्यात जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

दोहात आज कुणी भारतीय कामगार वारला, तर दूतावासात नोंद होते आणि कागदपत्रे पुरी झाल्यावर देह विमानाने गावी नेता येतो. आपल्या पूर्वजांना ही सोय नव्हती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले आणि कराराच्या मजुरीचे पर्व सुरू झाले. पुढे जवळपास पाच लाख माणसे या बेटावर आली. मुंबई बंदरातून आलेले आपले लोक त्यांतलेच. १८४९ साली बांधलेला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्याच्या पायऱ्या आपण भक्तीने चढतो. पण तिथून आत गेलेल्या माणसांचे अखेरचे ठिकाण दाखवणारा फलक क्वचितच आढळतो.

त्याचे कारण इतिहासात आहे. दहनाची सोय त्या काळी सहज नव्हती, त्यामुळे मजुरांना बहुधा पुरले जाई. दगडी चिरा घडवण्याइतका पैसा मळ्यावरच्या माणसाकडे कुठला? लाकडी खूण पावसात कुजली, की जागा विसरली जाई. त्यातच साथी आल्या. १८५४ साली पटकीने, तर १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाने कहर केला. पोर्ट लुईत हजारो माणसे दगावली. शहराच्या दफनभूमी अपुऱ्या पडल्या म्हणून १८६७ मध्ये शहराबाहेर बोआ मार्शां येथे प्रचंड दफनभूमी उघडावी लागली. साथीला भिऊन सधन लोक थंड पठारावर राहायला गेले. मजूर मात्र कराराने बांधलेला. अलीकडे पुरातत्त्व अभ्यासकांनी बोआ मार्शां येथे उत्खनन केले आहे. ज्यांची नावे पुसली, त्यांच्या आयुष्याविषयी आता मातीच थोडेफार बोलू लागली आहे.

मग शोध कुठून सुरू करावा? आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नंतर नंबर शोधा. प्रत्येक मजुराला आल्यावर एक क्रमांक मिळे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा, जात, उंची, अंगावरच्या खुणा सापडतात. काहींची छायाचित्रेही आहेत. नावावर फार विसंबू नका. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, म्हणून एकच माणूस तीन स्पेलिंगांत भेटतो. शिवाय बापाचे नावच पुढे अनेकांचे आडनाव झाले.

क्रमांक हाती आला, की सिव्हिल स्टेटस ऑफिसातील मृत्युनोंद शोधा. ती बहुधा फ्रेंचमध्ये असते. बऱ्याचदा त्यात हाच क्रमांक, मळ्याचे नाव आणि मृत्यूची तारीख असते. त्या जिल्ह्यातील आणि त्या काळातील दफनभूमी कोणती, हे त्यावरून ठरवता येते. पण आपण जी एक वीत जागा शोधत असतो, ती सहसा सापडत नाही. तिथपर्यंत पोचून रिकाम्या हाताने परतावे लागते, याची मनाची तयारी ठेवा.

तरी एक गोष्ट हाती राहते. पितृपक्षात ज्यांची तिथी ठाऊक नसते, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. आपली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिवशी तर्पण करत आली. मृत्युनोंदीतली तारीख मिळाली, की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते. म्हणजे कबर नसली, तरी त्या माणसाला त्याचा स्वतःचा दिवस परत मिळतो. ‘कुणीतरी पूर्वज’ असा उल्लेख न होता संकल्पात नाव आणि बापाचे नाव घेतले जाते. ज्याला मळ्यावर आयुष्यभर नंबराने ओळखले, त्याच्यासाठी एवढे करणे आपल्याला शक्य आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती. घरातले जुने दाखले, करारपत्रे, फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या प्रती काढून नातेवाइकांत वाटा. मुलांना पूर्वजाचा क्रमांक आणि गाव तोंडपाठ करायला लावा. आणि आज परदेशी राहणाऱ्या आपण सर्वांनी आपली स्वतःची कागदपत्रेही नीट ठेवावीत. शंभर वर्षांनी आपल्याला शोधणारे कुणीतरी असेलच.