विणकराचा हिशेब

१८९५ सालाच्या सुमारास अमेरिकेंत नॉर्थ्रपचा स्वयंचलित माग आला. धोट्यांतील कांडी संपली कीं तो आपणच नवी भरी. ताण्याचा धागा तुटला कीं थांबे. विणकराचे हात मोकळे झाले, पण माग कां थांबला हें ओळखण्याचें नवें काम आलें.

मुंबईंत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं स्थापन झाली. विणकर मात्र माग शिके तो बहुधा गांववाल्याच्या शेजारीं उभा राहून. १९२८ सालीं कांहीं गिरण्यांनीं एका विणकराकडे दोहोंऐवजीं तीन माग सोंपविण्याचें ठरविलें, आणि तेहि बहुतेक हातानें कांडी बदलण्याचे! एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. त्याच्या कारणांत हें एक होतें. विणकराला अडाणी म्हणणें सोपें आहे. सहा मागांवर आतां तिघांऐवजीं दोघे पुरतील, हा हिशेब त्यानें कोणी न शिकवितां केला होता.