नांदेडचा निरोप

घरांतून बाहेर पडणारा मराठी माणूस 'जातों' असें म्हणत नाहीं. 'येतों' असें म्हणतो. नांदेडपासून लातुरापर्यंत उंबरठ्याउंबरठ्यावर हाच शब्द ऐकूं येतो, आणि कोणी चुकून 'जातों' म्हणालाच तर वडील मंडळी त्याला तेथल्या तेथें सुधारतात. निरोपांत परतीचें आश्वासन असावें, हा त्यांतील भाव. परंतु ज्याला परत यावयाचें नाहीं आणि ज्याच्या तोंडाकडे सारा समाज पाहत आहे, अशा नेत्यानें निरोप कसा घ्यावा? या प्रश्नाचें एक उत्तर १७०८ सालीं गोदावरीच्या कांठीं, नांदेड येथें मिळालें.

औरंगजेब १७०७ मध्यें मरण पावला. त्याचा पुत्र बहादुरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेंत आला. त्याच्या छावणीबरोबर शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंह नांदेडास आले. येथेंच माधोदास बैरागी त्यांचा शिष्य झाला. त्याला 'बंदा' हें नांव देऊन त्यांनीं पंजाबांत धाडिलें. पुढें एका मारेकऱ्यानें गुरूंवर वार केला. शिवलेली जखम पुन्हां उकलली आणि अंत जवळ आला, असें शीख परंपरा सांगते.

वय अवघें एकेचाळीस. चारहि पुत्र पूर्वींच बळी पडलेले. आतां गादी कोणाची? गादीसाठीं भाऊ भावाच्या जिवावर उठल्याचें उदाहरण तर त्या छावणींतच होतें. गुरूंनीं कोणाहि व्यक्तीचें नांव घेतलें नाहीं. त्यांनीं ग्रंथापुढें पांच पैसे व नारळ ठेवून मस्तक नमविलें आणि यापुढें ग्रंथ हाच गुरु, असें सांगितलें, अशी परंपरा आहे.

हा विचार आयत्या वेळीं सुचलेला नव्हता. १६९९ मध्यें आनंदपूरास खालसा स्थापन करितांना त्यांनीं पांच शिष्यांना अमृत दिलें, आणि मग हात जोडून त्यांच्याच हातून स्वतः तें घेतलें. त्या पांचांपैकीं साहिबसिंह हे लातुराशेजारच्या बीदरचे. ज्या ग्रंथाला गादी मिळाली, त्यांत नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत. आणि नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नरसी नांदेडहून फार दूर नाहीं. पंजाबांत गेलेली या मातीची वाणी अशा रीतीनें गुरुपदावर बसून गोदातीरीं परतली.

'वाहेगुरुजी का खालसा, वाहेगुरुजी की फतह' हे गुरूंचे अखेरचे शब्द सांगितले जातात. शीख माणूस भेटतांना हेंच म्हणतो आणि निघतांनाहि हेंच. आपला 'रामराम' तसाच. गुरु 'वारले' असें शीख म्हणत नाहींत. ज्योत ज्योतींत मिळाली, असें म्हणतात. रणजितसिंहांनीं १८३२ ते १८३७ या काळांत जेथें मंदिर उभारिलें, त्या स्थानाला ते 'हजूर साहिब' म्हणतात, आणि नगराला 'अबचलनगर'. हजूर म्हणजे सान्निध्य. अबचल म्हणजे न ढळणारें. जाण्याचा अर्थ या नांवांत कोठेंच नाहीं.

२००८ मध्यें या घटनेला तीनशें वर्षें झालीं, तेव्हां देशोदेशींचे यात्रेकरू नांदेडास लोटले. त्या सोहळ्याचें नांव पुण्यतिथि नव्हतें. 'गुरु-ता-गद्दी' असें होतें. लोकांनीं स्मरण केलें तें गुरूंच्या जाण्याचें नव्हे, तर जातांना त्यांनीं जें स्वाधीन केलें त्याचें.