डेंकाली ते मोमिनाबाद

जगात एकूण देश किती, असे विचारले तर संयुक्त राष्ट्रसंघातला एखादा कारकून १९३ असा आकडा सांगेल. आकडा सांगून मोकळे होणे हे आम्हा कारकुनांचे जन्मजात कामच आहे. पण वाचकहो, हा ताळेबंद अपुरा आहे. त्यात डेंकाली नाही, सिल्डाव्हिया नाही, बोर्डुरिया नाही, लाटव्हेरियाही नाही. या देशांना झेंडे आहेत, सैन्य आहे, मिशीवाले सेनापती आहेत, आणि एकमेकांवर चढाई करण्यात ते सभासद राष्ट्रांच्या तसूभरही मागे नाहीत. उणीव एवढीच की ते कागदावर आहेत. आता कागदावर असणे हा दोष धरायचा ठरवले, तर आमच्या बँकेने वाटलेली निम्मी कर्जे बाद करावी लागतील.

माझे परराष्ट्रधोरणाचे शिक्षण अंबाजोगाईला मामाच्या माडीवर झाले. तिथे एका पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्सवाल्यांनी ही पुस्तके सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. मी वाचू लागलो तेव्हा ती शेवटच्या घटका मोजत होती. पण ट्रंकेतला माल जुना, कव्हरे गेलेली, पहिले पान उंदरांनी सही करून ठेवलेले. त्यामुळे पुष्कळ गोष्टींची सुरुवात मला आजतागायत ठाऊक नाही. राजकारणाच्या अभ्यासाला ही बैठक उत्तम. तंटा कुठून सुरू झाला ते कोणालाच आठवत नाही आणि मारामारी मात्र रंगीत असते.

त्यातला आमचा मुख्य माणूस वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. ली फाक या अमेरिकन गृहस्थाने तो १९३६ मध्ये निर्माण केला. सुरुवातीला त्याचे अरण्य आपल्याच बाजूला, आशियात कुठेसे होते आणि त्या मुलुखाचे नाव होते ‘बेंगाली’. पुढे ते सगळे बिऱ्हाड आफ्रिकेत हलले आणि नाव ‘बंगाला’ झाले. वेताळाचे हाडवैरी समुद्रचाचे ‘सिंग’ आडनावाचे, आणि त्याच्या बापाला मारणाऱ्या चाच्याचे नाव चक्क ‘रामा’! हे सगळे जसेच्या तसे भारतात छापले असते तर काय झाले असते याची कल्पना करा. पंजाबात एक मोर्चा, बंगालात तीन, आणि रामाबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा संपादकांनी शांतपणे लेखणी फिरवली. ‘बेंगाली’ची ‘डेंकाली’ झाली, सिंगांचे ‘सिंगा’ झाले आणि रामाचा ‘रामालू’. एका कान्याने आणि एका ‘लू’ने केवढा दंगा वाचला! परक्याने आपल्या नावावर टाकलेली बदनामी आपण न बोलता भलत्याच खात्यावर वर्ग केली. बँकेत याला ट्रान्सफर एंट्री म्हणतात, दिल्लीत मुत्सद्देगिरी म्हणत असावेत.

डेंकालीचे राजकारण मात्र बनावट नव्हते. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्याच सुमाराला डेंकालीतही निवडणूक झाली. डॉक्टर लुआगा हे सज्जन गृहस्थ निवडून आले आणि पडलेल्या जनरल बबाबूने निकाल अमान्य करून रणगाडे बाहेर काढले. एकट्या जनरल बबाबूच्या गोष्टीत त्या काळच्या किती देशांचा इतिहास मावला, ते मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. बरे, जंगलातल्या पोलिसदलाची व्यवस्था पाहा. त्यांचा सर्वोच्च सेनापती कोण हे कोणालाच माहीत नाही. कचेरीत एक तिजोरी आहे, ती उघडली की आत त्याचा हुकूम पडलेला असतो. तो पाळायचा, एवढेच. वाचताना हे अद्भुत वाटले होते. बँकेत लागल्यावर पहिल्याच महिन्यात मुख्य कचेरीची परिपत्रके आली आणि लक्षात आले, की ली फाक यांनी यातले काहीही कल्पनेने लिहिलेले नाही.

युरोपातल्या लोकांनी हा धंदा आणखी बारकाईने केला. बेल्जमच्या एर्जे या चित्रकाराचा टिनटिन ऐन तिशीच्या दशकात सॅन थिओडोरोस नावाच्या देशात जाऊन पोचला. शेजारी नुएव्हो रिको. मधे ग्रान चापो नावाचे वाळवंट. तिथे तेल असल्याची नुसती आवई उठते आणि दोन कंपन्यांच्या भांडणापायी दोन दरिद्री देश लढाईला जुंपतात. एक शस्त्रांचा व्यापारी एका राजधानीत तोफा विकतो, विमानात बसतो, दुसऱ्या राजधानीत उतरतो आणि तितक्याच तोफा तिथे विकतो. व्यापाऱ्याचे नाव बझारोव्ह. यात चित्रकाराने स्वतःचे असे फारसे काही घातले नव्हते. बोलिव्हिया आणि पॅराग्वे हे दोन देश १९३२ ते १९३५ अशी तीन वर्षे चाको नावाच्या ओसाड प्रदेशासाठी खरोखरच लढले होते. बेझिल झहारॉफ हा शस्त्रांचा नामांकित व्यापारीही खरा, आणि गोष्ट छापायला लागली तेव्हा हयात होता (वारला १९३६ मध्ये). दोन अक्षरे इकडची तिकडे केली की अब्रूनुकसानीचा दावा लागत नाही. बाकी हिशेब पै न् पैचा.

पुढे १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्याच वर्षी याच चित्रकाराने सिल्डाव्हिया नावाचे छोटे राज्य गिळायला निघालेला बोर्डुरिया रंगवला. कटवाल्यांच्या पुढाऱ्याचे नाव म्युस्टलर. मुसोलिनीचे डोके आणि हिटलरचे शेपूट. अमेरिकेत कॅप्टन अमेरिकाने तर आडपडदाही ठेवला नाही. मार्च १९४१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने खुद्द हिटलरच्या थोबाडीत ठेवून दिली. अमेरिकेचे सरकार युद्धात उतरले डिसेंबरात. पण माझा खरा मानाचा मुजरा १९६२ साली अवतरलेल्या डॉक्टर डूमला. हा लाटव्हेरियाचा सत्ताधीश. सगळ्या जगाचा वैरी, सगळ्यांना ठाऊक, पण पकडायचा कसा? तो राष्ट्रप्रमुख, त्याला वकिलातीचे संरक्षण! हा विनोद ज्याला सुचला त्याने आयुष्यात वर्तमानपत्राखेरीज काही वाचले नसावे.

आता तुम्ही म्हणाल, की हे सगळे परदेशातले. बीडच्या माणसाला याचे काय? हाच तर मुद्दा आहे. बीडच्या माणसाला कॉमिक विकत घेण्याची गरजच नव्हती. तो त्यातच राहत होता.

पाहा ना, कागदी देशाला काय काय लागते? स्वतःचे नाणे? हैदराबाद संस्थानाचा ‘हाली’ सिक्का होता आणि इंग्रजांचा रुपया तो ‘कलदार’. सहा कलदारांना सात हाली. म्हणजे शंभर कलदारांचे हाली एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. मी कॉमर्सचा पदवीधर असूनही हा हिशेब मला कागदावर करावा लागतो. आमचे आजोबा तो विडीला काडी लावता लावता करत. स्वतःचा जकातनाका? होता, त्याला ‘करोडगिरी’ म्हणत. आष्टीच्या पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. पोराला परगावी शिकायला धाडायचे तर बापाला वाटे, सातासमुद्रापार चाललाय. स्वतःचे टपाल होते, रेल्वे होती, विमान कंपनी होती. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी साठ लाखांवर माणसे. फक्त समुद्र नव्हता, म्हणून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याचे मुरगाव बंदर मिळवण्याची खटपट झाली. गावांची नावे बदलण्याचे काम तर इंद्रजालच्या कितीतरी आधी उरकलेले होते. आमच्या अंबाजोगाईचे मोमिनाबाद केव्हाच झाले होते.

आणि राजा? जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने याचा फोटो मुखपृष्ठावर छापला. अंगात विटका कोट, आणि ‘जेकब’ हिरा टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. कुठल्याही संपादकाने हे चित्र ‘अतिशयोक्ती’ असा शेरा मारून परत केले असते.

जनरल बबाबूच्या जागी इथे लातूरचा एक वकील होता, कासीम रझवी. रझाकारांचा म्होरक्या. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गोष्टी तो भरसभेत करायचा. लातूर ते लाल किल्ला हे अंतर त्याने मोजले होते की नाही कोण जाणे. नायकाच्या जागी स्वामी रामानंद तीर्थ. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी पोरांना शिकवले होते. अंगावर संन्याशाची कफनी, हातात पिस्तूल नाही, तोंडाला मुखवटा नाही. त्यामुळे पकडायला अगदी सोपे. १५ ऑगस्ट १९४७ ला बाकीचा देश मिठाई वाटत होता तेव्हा यांना तुरुंगाचे दार दाखवण्यात आले.

बझारोव्हही आला. सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ साली कराचीहून लँकॅस्ट्रियन विमाने भरभरून रात्री-अपरात्री हैदराबादेत शस्त्रे उतरवत होता. पुढे इंग्लंडातल्या कोर्टाने त्याला यापायी दंड केला, दोनशे पौंड. आमच्याकडे शेतकऱ्याचा पीककर्जाचा हप्ता चुकला तर याहून कडक नोटीस जाते.

आजोबांना मी एकदा म्हणालो होतो, “आजोबा, हे सगळं वेताळाच्या पुस्तकासारखं वाटतंय.” ते म्हणाले, “तुला वाटतंय. तू ट्रंकेवर बसून वाचतूस. आम्ही ज्वारीत बसून ऐकत हुतो, घोड्यांच्या टापा जवळ आल्या का लांब गेल्या ते.”

कागदी देश आणि आमचा देश यांच्यातला फरक इथे सुरू होतो. कॉमिकमध्ये गाव जळते तेव्हा नारिंगी रंग वापरतात आणि पुढच्या चौकटीत घरे परत उभी असतात. रझाकारांनी लुटलेल्या गावांतली माणसे सरहद्द ओलांडून गेली ती महिनोन् महिने परत आली नाहीत. काही मुळीच आली नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली, १७ ला निजामाने हात टेकले. पाच दिवस. बत्तीस पानांत आरामात बसेल अशी गोष्ट, आणि बत्तिसाव्या पानावर डेंकालीची जनता हात वर करून नाचते तशी आमचीही नाचली. ते खरेच नाचण्यासारखे होते. तेरा महिने उशिरा का होईना, आम्ही स्वतंत्र झालो होतो.

पण तेहतिसावे पान होते. दिल्लीच्या सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली. पोलिस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज. त्यात मुख्यत्वे मुसलमान. सर्वांत वाईट जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्या खालोखाल औरंगाबाद, नळगोंडा, मेदक, आणि बीड. रझवीच्या पापाचा हिशेब ज्यांच्याकडून वसूल झाला त्यांतल्या बहुतेकांनी रझवीला बघितलेसुद्धा नसेल. आमच्या आळीतला पिंजारी कुठे गेला, हे आजोबांनी कधी सांगितले नाही. विचारले की ते विडी शोधायला लागत. हा अहवाल सरकारने इतका जपून ठेवला की तो लोकांच्या हाती यायला साठाहून अधिक वर्षे गेली. फाइल दाबावी कशी हे बँकेत आम्हालाही येते, पण एवढी मुदत आमच्या हातून व्हायची नाही.

बड्या मंडळींचे मात्र ठाकठीक झाले. पंतप्रधान लायक अली १९५० च्या मार्चमध्ये नजरकैदेतून पसार होऊन पाकिस्तानात पोचले. रझवी १९५७ मध्ये सुटला, तोही तिकडेच गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. आणि राजा? राजाला भारत सरकारने राजप्रमुख नेमले आणि वर्षाला पन्नास लाखांचा तनखा बांधून दिला! खलनायकाला शेवटच्या पानावर पगार सुरू होतो, असे कॉमिक अजून कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. हैदराबादची तक्रार तेवढी सुरक्षा समितीच्या यादीत पुढे कित्येक वर्षे पडून राहिली. निजामाने ती मागे घेतल्याचे कळवले होते, तरीही!

एका बँकवाल्याच्या दृष्टीने या गोष्टीतला सर्वांत थरारक भाग मात्र अजून सांगायचाच आहे. त्या सप्टेंबरातच संस्थानच्या परराष्ट्रमंत्र्याने लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतली रक्कम परस्पर पाकिस्तानच्या तिथल्या हायकमिशनरच्या नावावर वळवली. दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग. निजाम म्हणाला, मी सांगितलेच नव्हते, माझे पैसे परत द्या. पाकिस्तान म्हणाले, आमचे. भारत म्हणाला, आमचे. बँक म्हणाली, आधी आपसात ठरवा. आणि खाते गोठवले. (बँक हा प्राणी सगळीकडे एकच.) पाकिस्तानने कोर्टात मांडलेल्या कैफियतीत एक मुद्दा असाही होता की ही रक्कम शस्त्रांच्या मोबदल्यात होती. म्हणजे आमचा कॉटनसाहेब एकाहत्तर वर्षांनी पुन्हा विमानातून उतरला! लंडनच्या न्यायाधीशांनी तो मुद्दा मानला नाही. २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल भारताच्या आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला. तोवर मूळ दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

ती बातमी आली त्या दिवशी आमच्या शाखेत दुपारपर्यंत काम झाले नाही. हेडकॅशियरसाहेबांनी वर्तमानपत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “साडेतीन कोटी ठीक आहे हो. पण शिलिंग तर इंग्लंडात १९७१ मध्येच बंद झालं. त्या नऊ शिलिंगांचं काय केलं?”

मी म्हणालो, “नव्या हिशेबाने पंचेचाळीस पेन्स होतात.”

“ते मलाही येतं,” ते म्हणाले. “सुटे दिले, का राऊंड ऑफ केलं?”