मानेतला रस्ता बंद, मेंदूचे काय?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. साठा मात्र जवळजवळ नसतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या मानेच्या दोन बाजूंनी जातात, दोन लहान मणक्यांमधून. मोठ्या रोहिणीत चरबीचा थर साचून त्याचे तुकडे सुटले, तर पक्षाघात होतो. थर काढायचा तर रोहिणी काही वेळ चिमट्याने बंद करावी लागते. म्हणजे पक्षाघात टाळणारी शस्त्रक्रियाच तो घडवू शकते!

या चारही वाटा मेंदूच्या तळाशी एका कड्यात मिळतात, हे थॉमस विलिस याने १६६४ साली दाखवले. सोलापूर-बार्शी रस्ता वैरागजवळ बंद पडला, तर माल कुर्डुवाडीवरून येईल. पण गावाला पुरेल का? अनेकांच्या मेंदूत हे कडे अपुरे असते.

१९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी रुग्णाचे शरीर २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले. थंडाव्याने मेंदूची गरज घटते. पण पुरवठा किती उरला, हे कळत नाही.

मग मोजमापे आली. १९६० च्या दशकात चिमट्याच्या पुढचा, मेंदूकडील रक्तदाब मोजू लागले. मेंदूच्या विद्युतलहरी मंदावतात का, हे पाहू लागले. १९७७ साली योब्सिस याने अवरक्तालगतच्या प्रकाशाने मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेता येतो, हे दाखवले. १९८२ साली आस्लिड याने कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून रक्ताचा वेग मोजला. त्यात सुटलेल्या कणांची चाहूलही लागते. पुरवठा अपुरा वाटला, तर शल्यविशारद तात्पुरती नळी बसवून रक्त वळवतात. पण नळीनेही कण सुटू शकतात. म्हणून ती सरसकट बसवणे सोयीचे नाही.

दाब, विद्युत, प्राणवायू, वेग : प्रत्येक यंत्र एकेकच खूण पाहते. सर्वांत सरळ उपाय म्हणजे केवळ मान बधिर करून जाग्या रुग्णाला बोलते ठेवणे आणि विरुद्ध बाजूचा हात हलवायला सांगणे. तरीही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३५२६ रुग्णांच्या चाचणीत पूर्ण भूल आणि स्थानिक भूल यांच्या परिणामांत ठळक फरक आढळला नाही. कारण उघड आहे : अनेक पक्षाघात रक्त कमी पडल्याने नव्हे, तर सुटलेल्या कणांमुळे होतात.

वर्गात नाडी शिकवताना मुलांना मानेची नाडी दाखवाल, तेव्हा एकाच बाजूला, हलकेच बोट ठेवायला सांगा. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू देऊ नका.