डेंग्यू: अंश दिसतो, छेद कुठे आहे?

पावसाळा आला की "हॉस्पिटलं डेंग्यूच्या पेशंटनी भरली" ही बातमी ठरलेलीच. पण भरली म्हणजे किती? मी पडलो कोड लिहिणारा माणूस, आकडा दिसला की आधी विचारतो, छेद काय? म्हणून आज या मोजणीचा इतिहास.

डेंग्यू आपल्याकडे नवा नाही. १९६३-६४ मध्ये कलकत्त्यात रक्तस्रावी तापाची मोठी साथ आली होती. पण देश खरा हादरला तो १९९६ मध्ये. त्या वर्षी एकट्या दिल्लीत १० हजारांवर पेशंट नोंदले गेले आणि ४२३ जण दगावले.

पुढे सरकारनं देशभरातली ठरावीक हॉस्पिटलं निवडली. तिथे तपासणी करायची, नोंद ठेवायची. त्यासाठी लागणारी किट्स पुरवते आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही. व्यवस्था चांगलीच, पण त्या दारातून जो आत येतो तोच मोजला जातो ना!

२०१८ मध्ये भारतातल्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. डेंग्यूचा संशय असलेल्या १०० पेशंटमागे साधारण ३८ जणांना लॅबमध्ये डेंग्यू निघाला. आता इथे छेद बघा: हॉस्पिटलमधले सगळे पेशंट नाहीत, फक्त संशयित.

आणि जे तिथवर पोचलेच नाहीत? २०१४ च्या एका अभ्यासानुसार २००६ ते २०१२ दरम्यान सरकारी नोंद वर्षाला सरासरी वीसेक हजार केसेसची होती. अभ्यासकांचा अंदाज होता जवळपास ५८ लाखांचा. म्हणजे २८२ पट! मग आयसीएमआरनं २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत ५ ते ४५ वयाच्या लोकांचं रक्त तपासलं. ४८.७ टक्के लोकांना डेंग्यूची लागण कधी ना कधी होऊन गेलेली होती.

"बरे झाले ना, मग मोजलं नाही तर काय बिघडलं?" बिघडतं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेला आणि नंतर दुसरा झाला, तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. पहिला ताप "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढलेल्या माणसाला आपला दुसरा डेंग्यू हा दुसरा आहे, हेच माहीत नसतं.

तेव्हा यंदा ताप आला तर तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात!